इटलीचा मिस्तरी आणि भाऊची झाळ

भावाच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी करायला लावलं. तो नको म्हणत होता, वहिनी काहीच म्हणत नव्हती, आणि मी जळगावहून दर रविवारी फोन करून दोघांचं डोकं खात होते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं की माणसाला नकार ऐकायची सवय राहत नाही. शेवटी भाऊ माझ्या कटकटीला कंटाळून हो म्हणाला. पुढच्या सगळ्या प्रकाराची सुरुवात या हट्टात आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

भाऊचं सायकलचं दुकान धुळ्यात आग्रा रोडला लागून आहे. वडिलांनी काढलेलं. पंक्चर, ट्यूब, गिअरवाल्या सायकलींचे ब्रेक, हे आता कुणीही करतं. भाऊचं नाव मात्र झाळीसाठी. फ्रेम तुटली, पुढचं चाक धरणारा चिमटा उखडला, की सोनगीर, कापडणे, पार पारोळ्यापर्यंतचे लोक म्हणणार, आग्रा रोडच्या भाऊकडे ने. इतर जण वेल्डिंगचा ठिणग्यांचा खेळ करतात आणि नळी जाळून ठेवतात. भाऊ पितळेनं झाळतो. दोन्ही बाजूंचं लोखंड सारखं तापवायचं, सवागी, म्हणजे टाकणखाराची पूड, टाकायची, आणि मग पितळेची कांडी टेकवायची. पितळ फटीतून आपसूक आत ओढलं जातं. पण लोखंड किती तापलं हे सांगणारं यंत्र दुकानात नाही. ते रंगावरून ओळखायचं. म्हणून झाळायच्या वेळी भाऊ भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढून घेतो. उजेडात लोखंडाचा रंग खोटा दिसतो, असं तो म्हणतो.

हे त्याला कुणी शिकवलं, तर एका इटालियन माणसानं, ज्याला त्यानं जन्मात पाहिलं नाही.

मी सातवीत होते तेव्हा आमच्या दुकानासमोर एका टेम्पोतून एक गोरा माणूस उतरला. गुडघे सोललेले, दाढी धुळीनं भरलेली. सायकलनं देश पालथे घालत आला होता आणि सोनगीरजवळ ट्रकनं त्याला हूल दिली होती. सायकलचा चिमटा मोडला होता, पुढचं चाक पार वाकडं झालं होतं. तो चार दिवस आमच्याकडे राहिला. काय बोलायचा ते एक अक्षर कळत नव्हतं. आईनं केलेली वरण-बट्टी तो दोन्ही हातांनी खायचा आणि आई पदराआड हसायची. त्या चिमट्याच्या मापाचं वडिलांकडे काही नव्हतं. पाचव्या दिवशी त्यानं सायकलच्या डंड्यावरून हात फिरवला, ती भाऊच्या हातात दिली आणि रेल्वे गाठायला चाळीसगावच्या बसमध्ये बसला. बस दिसेनाशी झाली तरी भाऊ रस्त्यातच उभा होता. तेव्हा तो विशीतला होता.

ती सायकल त्यानं किती महिने उलटसुलट केली याला हिशेब नाही. डंड्यावर 'मेड इन इटली'ची फिकट चिठ्ठी. आमच्या सायकलींच्या निम्म्यानं हलकी. नळी नखानं वाजवली तर टण्ण करायची. सांध्यावर नळ्या जिच्यात बसतात ती लोखंडी खोळ, दुकानात तिला लग म्हणतात, ती आमच्याकडे जाड, ओबडधोबड असते. इथे कानशीनं घासून घासून तिची कड कागदासारखी केलेली. सीटखालच्या लगवर पिंपळपानाएवढंही नाही, तांदळाच्या दाण्याएवढं एक पान कोरलेलं. पायडलच्या धुऱ्याखाली हातानं ठोकलेला एक आकडा आणि एक अक्षर. भाऊनं धुरा काढून आत बोट घातलं. मग माझं बोट धरून आत घातलं. आत, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथेही, पितळेची गुळगुळीत कड सगळीकडून फिरलेली होती.

"देख," तो म्हणाला, "वरथून पितळ टाकं आनि खाले रेघ उनी. बठ्ठीकडथून. इटलीना मिस्तरी शे हाऊ."

तेव्हापासून हा इटलीचा मिस्तरी आमच्या घरात शेजारच्या गल्लीत राहत असल्यासारखा वावरू लागला. भाऊ जुन्या फ्रेमच्या तुकड्यांवर झाळायचा, करवतीनं कापून आत बघायचा, आणि पितळ पोचलेलं नसलं की स्वतःलाच शिव्या घालायचा. इटलीच्या मिस्तरीनं असं केलं नसतं, हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या महिन्यात तिनं मला हळूच विचारलं होतं, हे मिस्तरी जेवायला कधी येणार? त्या रेघेला भाऊ सोन्याची रेघ म्हणायचा. दूधवाल्याची दोन कॅन लादायची सायकल असो नाहीतर केळीच्या मळ्यातल्या सालदाराची, ती रेघ खालून अखंड दिसल्याशिवाय भाऊनं फ्रेम कुणाच्या हाती दिली नाही.

माझ्या मुलीनं पुढे फोनवर शोधून त्याला खूप काही दाखवलं. उत्तर इटलीतली गावं, आपल्या दुकानाएवढ्याच कार्यशाळा, बाप झाळतोय, मुलगा घासतोय, आई रंगावर चिठ्ठ्या चिकटवतेय. शर्यत पळणाऱ्याच्या मांडीचं, हाताचं माप घेऊन फ्रेम बांधायची, शिंपी सदरा शिवतो तशी. नळीसुद्धा टोकाला जाड आणि मधे पातळ. आणि प्रत्येकाची काहीतरी खूण, कुठे पान, कुठे बदाम, कुठे अक्षर. तांदळाएवढं पान कोरणारा कोण, ते मात्र सापडलं नाही. अशी पानं कोरणारे बरेच होते आणि त्यातल्या कितींची दुकानं कधीच बंद झाली. भाऊला त्याचं वाईट वाटलं. पोरानं पुढे चालवलं नाही वाटतं, असं म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. त्याला स्वतःला मूल नाही.

तर ऑपरेशन. आधी एक डोळा, महिन्याभरानं दुसरा. पट्टी निघाल्यावर भाऊ लहान मुलासारखा करायला लागला. बठ्ठं निळं दिखस, म्हणाला. वहिनीच्या लुगड्यावरची फुलं पिवळट नसून पांढरी आहेत हे त्याला सहा वर्षांनी कळलं. आभाळाकडे बघत बसायचा. मी अशी फुशारले होते की विचारू नका. येईल त्या माणसाला सांगत होते, बघा, माझं ऐकलं म्हणून.

मग वहिनीचा फोन आला. भाऊ झाळत नाही म्हणाली. गिऱ्हाईक आलं की गॅसची टाकी रिकामी आहे म्हणून सांगतो. टाकी भरलेली आहे.

मी धुळ्याला गेले. भाऊनं आधी उडवाउडवी केली आणि मग म्हणाला, "आग वयखू येत नही माले आते. लोखंड लाल व्हयनं का पिवळं, समजत नही."

मला ते लगेच समजलं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. वर्षानुवर्षं भाऊ त्या पिवळ्या काचेतून आग बघत होता आणि त्याचा हात त्या रंगाला सरावला होता. आता काच गेली. तेच लोखंड त्याला आधीच पांढरं, भगभगीत दिसत होतं. पूर्ण तापायच्या आत त्याला वाटणार, झालं, आता जळेल. मी नववीच्या वर्गाला डोळ्याचं चित्र काढून भिंग शिकवलंय, किती वेळा, आणि ऑपरेशनच्या आधी मला हे एकदाही सुचलं नाही. मी त्याला समजावून सांगितलं. सरावानं येईल परत, असंही म्हटलं. त्यानं मान हलवली.

नवा चिमटा आणि चाक बसवून भाऊनं दुकानाच्या भिंतीवर टांगून ठेवलेली इटलीची सायकल त्याच सुमाराला मुलीनं उतरवली. ती जळगावला बँकेत आहे आणि सकाळी सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर नशिराबादच्या पुढपर्यंत जाऊन येते. सगळ्यांकडे कार्बनच्या महागड्या सायकली. तिला मामाची ही जुनी चालवायची होती. उतरवली तेव्हा दिसलं, सीटखालच्या सांध्यात केसाएवढी भेग.

भाऊनं ती भेग नखानं चाचपली. मग म्हणाला, "मी झाळस हाई. टिकनी ते मन्हा हात शे. नही टिकनी ते गॅस बंद. परत कोनलेच झाळी देनार नही."

मी नाही म्हणायला हवं होतं. ज्या माणसाचा हात चाचपडतोय त्यानं नेमकी हीच फ्रेम घ्यावी? पण मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि शटर ओढायला उठले.

शटर अर्ध्यावर आलं. मी आणि मुलगी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. भाऊनं जुनं पितळ काढलं, फट साफ केली, सवागी लावली, बत्ती पेटवली. हाताचा तोच डौल, ज्योत गोल गोल फिरवायची तीच लय. लोखंड लाल झालं. आणखी थोडं, आणखी थोडं, असं मी मनात म्हणत होते, आणि भाऊनं कांडी टेकवून ज्योत मागे घेतली. पितळ आत न जाता वरच्या वर पसरलं. चाळीस वर्षं त्याला बघतेय, मला कळतं. पण कळतं म्हणून भावाला त्याच्या दुकानात, भाचीसमोर, तुझं चुकलं म्हणून कसं सांगायचं? शिवाय मलाच भास झाला असेल, अशी मी माझी समजूत घातली. सवागी वितळून तिची काच चढलेली असल्यामुळे खालची रेघ तेव्हा दिसत नव्हती. ती काच गरम पाण्यात भिजवल्याशिवाय निघत नाही. घरी भिजव, असं भाऊ म्हणाला. आधी तो हे काम कुणावर सोडायचा नाही.

जळगावला आल्यावर बादलीत गरम पाणी घेतलं, काच काढली आणि फ्रेम उलटी केली. सोन्याची रेघ बोटाच्या पेराएवढी होती. बाकी सगळी फट काळी.

त्या क्षणी फोन करायला हवा होता. मी फोन हातात घेतलासुद्धा. त्याचं ते गॅस बंद कानात घुमत होतं. दुकानाशिवाय भाऊ म्हणजे काय, हे मला डोळ्यांसमोर आणवेना. आणि त्याचे डोळे मी बिघडवले होते, हे तर आहेच. मुलगी म्हणाली, पुण्यात जुन्या फ्रेमचं काम करणारा एक जण आहे, त्याच्याकडून करून आणते, मामाला कळायची गरज काय? मी म्हटलं, नेऊन आण. पुण्याच्या माणसानं सांधा पुन्हा झाळला. मुलीनं वरून हुबेहूब तसाच रंग लावून घेतला, म्हणजे पितळ दिसायचा प्रश्नच नको. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं प्रयोगाचं उत्तर खोडून मागचं पान चिकटवावं, तसं मी केलं.

सांधा टिकतो हे भाऊला दाखवायला मुलगी त्या सायकलवर जळगावहून धुळ्याला गेली. पहाटे निघून, एरंडोल, पारोळा करत. मी मागून गाडीत. पारोळ्याला भाऊ एसटीनं येऊन रस्त्याकडेला उभा होता. सकाळपासून उभा असणार, कारण सदरा पाठीला चिकटला होता. मुलगी उतरल्यावर तो आधी तिच्याकडे न बघता सांध्याकडे वाकला, रंगावरून अंगठा फिरवला आणि ताठ उभा राहिला.

"टिकनी," म्हणाला. "मन्हा हात शे अजून."

भर रस्त्यात माझा भाऊ रडला. मीही रडले. तो आनंदानं रडतोय असं बघणाऱ्यांना वाटलं असेल आणि ते खरंही होतं. माझं कशानं होतं, ते मलाच माहीत.

सायकल त्यानं दुकानातच ठेवून घेतली, दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. जळगावहून आलेली गोष्ट दर गिऱ्हाइकाला सांगायचा. आणि टाकी पुन्हा भरलेली झाली. वहिनी फोनवर हसायला लागली होती. भाऊचं जेवण वाढलंय म्हणाली. मी ऐकत होते आणि हं, हं करत होते. आज सांगू, पुढच्या रविवारी सांगू. एकेका रविवारी एकेक फ्रेम दुकानातून बाहेर जात होती, हे मला काय कळत नव्हतं? कळत होतं. सरावानं हात परत येईलच, या आशेवर मी दोन महिने काढले. कदाचित येतही असेल. कोण तपासणार? पारोळ्यानंतर भाऊला फ्रेम उलटी करून बघायची गरज वाटेनाशी झाली होती.

मग सोनगीरचा दूधवाला पडला. दोन कॅन लादून उतारावरून येत होता आणि भाऊनं नुकताच झाळलेला पुढचा चिमटा सांध्यातून निघाला. गळपट्टीचं हाड मोडलं. वहिनीनं फोनवर सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की भाऊ त्याच्यावरच चिडलाय. कॅन जास्त भरले असणार म्हणतो. इटलीच्या सायकलचा सांधा टिकतो तर याचा कसा निघेल, म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मुलगी धुळ्याला गेलो. बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. बादली, काळी फट, पुण्याचा माणूस, रंग. काहीही सौम्य केलं नाही. करायचं तेवढं आधीच करून झालं होतं.

भाऊ ओरडेल अशी माझी तयारी होती. तो उठला, दारातली इटलीची सायकल आत आणली, उलटी केली आणि करवतीच्या पात्यानं सांध्यावरचा रंग खरवडला. खाली अखंड रेघ निघाली. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"चांगलं करं बेट्यानं," म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "कव्हय कयनं तुले?"

पहिल्याच दिवशी, मी म्हटलं.

त्यानं गॅसच्या टाकीची चावी आवळून बंद केली आणि ती वहिनीच्या हातात दिली. मग आम्ही दूधवाल्याच्या घरी गेलो. तो खाटेवर पडून होता, हात गळ्यात बांधलेला. भाऊ म्हणाला, चूक मन्ही शे. तो बिचारा उठायला लागला. नही भाऊ, कॅनच जास्त भरेल व्हतात, असं तोच आमची समजूत घालायला लागला.

परत येताना गाडीत भाऊ बोटांवर मोजत होता. दोन महिन्यांत झाळलेल्या फ्रेमी. कधी काही लिहून ठेवलेलं नाही. गरज पडली नव्हती. तेरा आठवल्या. त्यातल्या चौघांची घरं माहीत होती. बाकीचे रस्त्यानं येणारे-जाणारे.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ दुकानासमोर स्टूल टाकून बसला. मी शेजारी बसले, जळगावला जायचं मनच होईना. आग्रा रोडनं सायकल आली की तो हात करून थांबवायचा, खाली वाकून सांधे बघायचा. चौथ्या दिवशी एक सापडली. मागच्या कॅरिअरवर मुलीला बसवून शाळेत सोडायला निघालेला माणूस. कॅरिअरखालचा सांधा भाऊचाच होता. भाऊ म्हणाला, सायकल ठेवून जा, खोलायची आहे, दुसऱ्याकडून नीट करून देतो.

तो माणूस हसला. "कसाले खोलतस, भाऊ? तुम्हना हात लागेल शे. इटलीनी सायकल जयगावथून धुयालगून उनी ना, माले माहीत शे."

भाऊनं हँडल धरून ठेवलं होतं. तो काहीतरी सांगत होता, चूक, पितळ, डोळे. पण वाक्य जुळत नव्हतं. मी मधे पडले आणि सगळं सांगितलं, स्पष्ट, वर्गात सांगते तसं. त्या माणसानं माझ्याकडे जरा वैतागून पाहिलं. मोठ्या भावाबद्दल चारचौघांत असं बोलणारी ही कोण बाई, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. शाळेला उशीर होतोय म्हणाला. भाऊचा हात त्यानं आदरानं, हळूच हँडलवरून सोडवला, त्याला नमस्कार केला आणि मुलीला घेऊन निघून गेला.